तिसऱ्या घरचा विस्तू

सन एकोणीसशे सत्तावन्न. माझं वय तेव्हा एकोणतीस. शाळेच्या रजिस्टरावरून एकतीस भरतं, पण तिथलं जन्मसाल मास्तरानं माझ्या उंचीकडं बघून लिहिलं होतं. शाळा म्हणजे दोन यत्ता, त्याही उर्दूत. मराठी अक्षरं मी पुढं देवळातल्या पोथीवर बोट ठेवून स्वतःच शिकलो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी असं म्हणू नये की याला लिहायला अमक्यानं शिकवलं. कुणी शिकवलं नाही.

त्या सालच्या माघात आमच्या गावात एक प्रोफेसर आले. सेलूला रेल्वेतून उतरले, बाजारात कापूस घालून रिकाम्या परतणाऱ्या गाडीत बसले आणि मारुतीच्या देवळात मुक्कामाला आले. संगं एक ट्रंक, एक वळकटी आणि कागदांचा गठ्ठा. गावात कागद येतो तो जमिनीच्या मोजणीचा नाहीतर लेव्हीचं धान्य न्यायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यामुळं पहिल्या दिवशी निम्मं गाव सकाळीच शेताला निघून गेलं. दुसऱ्या दिवशी कळलं की हा माणूस काही न्यायला आलेला नाही, नुसता विचारायला आलाय. मग मात्र सगळे आले. दुसऱ्याचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा आणि वर लिहून ठेवणारा माणूस आमच्याकडं तोवर कुणी बघितला नव्हता.

विचारायचं होतं ते नऊ वर्षांपूर्वीचं. अठ्ठेचाळीस साली, निजामी राज्य जायच्या आधीच्या उन्हाळ्यात, आमच्या शिवारालगतचं एक गाव जळालं. त्याच आठवड्यात आमच्या गावातली बरीच घरं गाड्या जुंपून सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात गेली. तिथं एका आमराईत कॅम्प होता. पुढं फौज आली, राज्य बदललं, आणि दसऱ्याच्या तोंडावर आम्ही परत आलो. हे चार-पाच महिने. त्यांच्यावर प्रोफेसरांना प्रबंध लिहायचा होता. कॅम्पाची जुनी वही आपल्याजवळ आहे, असं ते येईल त्याला सांगायचे.

"प्रबंध म्हंजे काय वो?" आमच्या गावच्या सुतारानं विचारलं. तो देवळाच्या दाराला चौकट बसवायला आला होता आणि चार दिवस तीच चौकट बसवत होता.

"मोठं पुस्तक," प्रोफेसर म्हणाले. "फक्त ते कुणी वाचत नाही."

माणूस वाईट नव्हता.

मी मात्र तिकडं फिरकलो नाही. माझ्या अंगणात दगड येऊन पडले होते आणि मला त्यांची राखण होती. थोरला भाऊ आणि मी एकाच अंगणात राहत होतो. दोन दारं, मधे बारा पावलं. नऊ वर्षं आमच्यात बोलणं नव्हतं. तरी अंगण एकच होतं, आणि तेच वाईट झालं. त्या महिन्यात थोरल्याच्या शेळीनं माझ्या तुरीच्या शेंगा खाल्ल्या. शेळीला काय कळणार की बाराव्या पावलाला दुसऱ्याचं घर लागतं. पण मी त्याच दिवशी ठरवलं, शेळीलाही कळेल असं काहीतरी बांधायचं. नाल्यातले दगड गाडीनं आणले, गवंड्याला सांगितलं, तो गुरुवारी सकाळी येणार होता. अंगणाच्या बरोबर मधून भिंत, पुरुषभर उंच. थोरला दारात बसून दगड उतरताना बघत होता.  

हे कशावरून सुरू झालं ते सांगतो. कॅम्पात गल्ला, म्हणजे धान्याचा शिधा, रांगेत मिळायचा. आमचं घर तेव्हा एकच. थोरला, वैनी, त्यांची तीन लेकरं, मी आणि माझी नवी नवरी. थोरला जायचा, गल्ला घ्यायचा, एका चुलीवर सगळ्यांचं शिजायचं. एक दिवस मी पोतं धरायला म्हणून त्याच्या मागं उभा राहिलो. त्याला गल्ला मिळाला, तो बाजूला झाला. तसं टेबलामागच्या कॉलेजातल्या पोरानं मला वेगळी चिठ्ठी दिली. म्हणाला, "तुमचं कुटुंब वेगळं. तुमचं तुम्ही घ्या." मी थोरल्याकडं बघितलं. तो खाली मान घालून पोत्याचं तोंड बांधत होता. एक शब्द बोलला नाही. मी मनात म्हटलं, अस्सं. परमुलखात येऊन भावाला वेगळं काढलं. संध्याकाळी मी आंब्याच्या पलीकडल्या अंगाला तीन दगड मांडले आणि घरच्यांना, म्हणजे बायकोला, सांगितलं, "हितं रांध."

तू विचारलं का नाहीस, असं कुणी आज म्हणेल. मला विचारायची सवय नाही.

आमच्याकडं घर मोजतात ते चुलीवर. लग्नाकार्याला चूलबंद आवतण येतं, म्हणजे त्या चुलीवर जेवणारं झाडून सारं घर जेवायला. परत आल्यावर पहिल्याच लग्नाला दोन आवतणं आली, एक थोरल्याच्या दारात, एक माझ्या. गावानं एकदा दोन चुली धरल्या की देव आला तरी त्यांची एक करू शकत नाही. मग शेत वाटलं. बैलांची एकच जोडी होती, तीही वाटली. एक बैल त्याचा, एक माझा. थोरला त्याचा बैल कुणाच्या तरी बैलासंगं जुंपायचा, मी माझा. संध्याकाळी दोन्ही बैल एकाच गोठ्यात दोन खुंट्यांना बांधलेले असायचे आणि माना लांब करून एकमेकांना चाटायचे. त्यांना मी काही बोललो नाही. मुकं जनावर.

आणि विस्तू. घरोघरी काडीपेटी असायचा तो काळ नव्हता. रात्रीचा निखारा राखेखाली विझला तर सकाळी शेजारणीकडून विस्तू आणायचा, खापरावर गवरीचा तुकडा ठेवून. थोरल्याची चूल बारा पावलांवर. पण मी घरच्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, त्या दारातून निखारा आणायचा नाही. मग त्या जायच्या तिसऱ्या घरी, एका म्हातारीकडं. सुतार मला चारचौघांत म्हणायचा, "तुमचा विस्तू लय लांबचा हाय बुवा. वाटंत थकत असंल."

बुधवारी दुपारी प्रोफेसरांचं बोलावणं आलं. यादीतला मी शेवटचा राहिलो होतो. माझ्यामुळं कुणाचं काम अडलं असं व्हायला नको, म्हणून गेलो. देवळात प्रोफेसर मांडीवर कागद घेऊन बसलेले, सुतार चौकटीला रंधा मारत बसलेला, आणखी आठ-दहा जण नुसतेच.

"त्या साली तुम्ही घर सोडून पळालात, तेव्हा..." प्रोफेसरांनी सुरुवात केली.

"आमी पळालो न्हाई."

"बरं. निघालात."

"गाडी जुंपली, ह्या मारुतीला नारळ ठिवला, वैनीनं उंबरा सारवला, आन मंग निघालो. पळनारा मानूस उंबरा सारवीत बसतो का?"

त्यांनी कागदावरचं काहीतरी खोडलं. मग म्हणाले, "विस्थापित असा शब्द आहे आमच्याकडं. आपल्याच देशात राहून ज्यांना आपलं घर सोडावं लागतं, त्यांना म्हणतात."

"आपल्याच देशात?" मी म्हटलं. "गेलो तवा हिकडं निजामाचं राज, तिकडं हिंदुस्थानचं. परमुलूख म्हनूनच गेलो. वापस आलो तर हिकडं बी हिंदुस्थान झालेलं. आन आता ह्या गेल्या दिवाळीत हैद्राबाद मोडलं, आमी मुंबई राज्यात गेलो. तवा तर म्या उंबरा बी वलांडला न्हाई. हरभऱ्याला पानी द्यायलो होतो. त्याला काय म्हनता तुमी?"

प्रोफेसरांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला. "त्याला रकाना नाही," ते म्हणाले.

"मंग देशालाच इस्थापित म्हना की सायब," सुतार म्हणाला. "मानूस हाय तितंच हाय, देशच फिरायलाय."

सगळे हसले. प्रोफेसरही हसले, आणि ते वाक्य त्यांनी लिहूनही घेतलं. सुतार पुढं बरीच वर्षं सांगायचा की माझं बोलणं पुस्तकात गेलंय.

मग त्यांनी विचारलं, "परत आल्यावर कुटुंब एकत्र राहिलं की विभक्त झालं?"

"येगळं झालं."

"कारण?"

"दादानं काढलं."

पेन थांबलं. प्रोफेसरांनी खालचा एक कागद वर काढला, वाचला, पुन्हा खाली सारला. म्हणाले, "तुमच्या थोरल्या भावांचं उत्तर... नाही, ते मला सांगता येणार नाही. एकाचं उत्तर दुसऱ्याला सांगायचं नाही, असा आमचा नियम आहे."

"त्यात कसली चोरी?" सुतार रंधा खाली ठेवून म्हणाला. "काल थोरला हितंच बसून म्हनला की. धाकट्यानं येगळी चूल मांडली, म्या त्याला एका शब्दानं बी बोललो नव्हतो. आमी धा जन ऐकायलो होतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षं मी गप्प राहिलो, आणि या माणसानं देवळात बसून, परक्याच्या कागदावर, मला घरफोड्या ठरवलं. मी उभा राहिलो.

"खोटं हाय! प्रोफेसरसायब, तुमी म्हनला होता तुमच्यापाशी कॅम्पाची वही हाय म्हनून. काढा. त्याच्यातच असंल, कुनी कुनाला काढलं."

वही होती. त्या वहीवरूनच ते आमची गावं शोधत फिरत होते. ट्रंकेतून त्यांनी ती काढली. निळ्या पुठ्ठ्याची, एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. पानं चाळून त्यांनी आमच्या गावावर बोट ठेवलं. थोरल्याचं नाव, त्याखाली वैनीचं आणि लेकरांचं. मग एक आडवी रेघ. रेघेखाली माझं नाव आणि घरच्यांचं. समोर लिहिलेलं: स्वतंत्र कुटुंब. मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"हे कुनाच्या सांगन्यावरनं लिवलं? दादाच्याच का न्हाई?"

 प्रोफेसर मागचं पान बघू लागले. मग पुढचं, मग आणखी पुढचं. प्रत्येक पानावर तशाच रेघा होत्या. बाप वर, लेक रेघेखाली. थोरला वर, धाकटा रेघेखाली. मग त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला लागले. चष्मा निघाला तसा मला तो चेहरा ओळखू आला. अंगानं भरला होता, केस मागं हटले होते, पण टेबलामागचा तोच तो.

"कुणाच्याच सांगण्यावरून नाही," ते म्हणाले. "हे अक्षर माझं आहे."

 सुतार पुढं सरकला.

मग त्यांनी सांगितलं. ते तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीत कॅम्पात स्वयंसेवक म्हणून आले होते. मोठ्या घरांना एकदम मोठा गल्ला द्यावा लागे, मागचे लोक ओरडत, वजनात घोळ होई. म्हणून त्यांनी एका संध्याकाळी बसून नवी यादी केली. लग्न झालेला प्रत्येक पुरुष म्हणजे एक कुटुंब. कुणाला विचारलं नाही, विचारायला वेळही नव्हता. "तीन दिवसांत रांग सरळ झाली," ते म्हणाले. "मला शाबासकी मिळाली होती."

"आन आता आमालाच इचारायलाव, येगळं कामून झालात म्हनून," मी म्हटलं.

"माझ्या प्रबंधाचा तोच मुद्दा आहे." त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "घर सोडावं लागलं की एकत्र कुटुंब मोडतं. ते प्रकरण मी आधीच लिहून ठेवलंय. इथं फक्त पुरावा गोळा करायला आलो होतो."

"मंग भेटलाच की पुरावा," सुतार म्हणाला. "हातानं पेरलेलं उगवलंय."

मला त्यांचा राग यायला हवा होता. खरं सांगतो, आला नाही. मला त्या वेळी थोरला दिसत होता, पोत्याचं तोंड बांधताना. 'तुमचं कुटुंब वेगळं' हे त्या दिवशी त्यानंही ऐकलं असणार. आणि त्याला वाटलं असणार, धाकटा आधीच येऊन आपलं नाव वेगळं लावून गेलाय. म्हणून मान खाली. तोही माझ्याच आईचा लेक. त्यालाही विचारायची सवय नाही.

मी प्रोफेसरांना म्हटलं, "त्या कागदावर शेरा लिवायला जागा हाय ना? लिवा. वरील कुटुंब भावांनी मोडले नाही, यादी करणाऱ्याने मोडले."

"असंच लिहू?"

"असंच."

त्यांनी लिहिलं. मी वाचून बघितलं आणि खाली दस्तखत केली, उर्दूत; मला सही तेवढी उर्दूतच येते. त्यांचं पुस्तक पुढं निघालं की नाही मला माहीत नाही. निघालं असेल तर तो शेरा त्यात असायला पाहिजे. नसेल, तर ते पुस्तक खोटं आहे.

दिवस मावळायच्या आत घरी आलो. दगडांचा ढीग ओलांडून आत गेलो. घरच्या ज्वारी निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि मोठी बातमी सांगावी तसं सगळं सांगितलं. थोरल्यानं काढलं नव्हतं. यादीनं काढलं होतं. यादी करणारा आज देवळात सापडला.

त्यांनी सूप खालीही ठेवलं नाही.

"ते मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"कवापासून?"

"कॅम्पात हुतो तवापासून. पानी आनाया गेले तर जाऊबाईच म्हनल्या, रांगंतल्या पोरानं सगळ्यांचीच नावं येगळी लावलीत, हे माझं ऐकत न्हाईत, तू भाऊजींना सांग. म्या तुमाला सांगाया आले. तुमी म्हनला, बायकांनी असल्यात पडू नये."

मी असं म्हटलं असणार. मला आठवत नाही, पण वाक्य माझंच वाटलं.

"मंग परत कामून न्हाई सांगितलं?"

"एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा ऐकता का तुमी?"

प्रोफेसर गावात आठवडाभर होते. आमच्या घरातल्या या दोन बायांना त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. त्यांच्या कागदावर कुटुंबप्रमुख असा रकाना होता आणि त्यात बाई बसत नव्हती. पण त्यांच्या तरी कागदावर जागा नव्हती. मला तर नऊ वर्षं रोज समोर बसून विचारता आलं असतं.

मी म्हटलं, "तरी त्यांचा विस्तू घेतला न्हाई आपुन. तेवढं तरी पाळलं."

तेव्हा त्या हसल्या. लग्नापासून त्या अशा हसलेल्या मी फार वेळा बघितल्या नव्हत्या.

"तिसऱ्या घरची म्हातारी एकलीच हाय. दिसत न्हाई, चूल सांभाळवत न्हाई तिला. रोज पहाटं जाऊबाईच तिची चूल पेटवून देत्यात, आपल्या चुलीतला निखारा नेऊन. म्या तिच्याकडून आनते. नऊ वर्सं त्याच चुलीचं खायलाव तुमी."

मी उठून बाहेर आलो. गोठ्यात दोन्ही बैल माना लांब करून उभे होते. थोरला त्याच्या दारात बसला होता, दगडांकडं बघत. मी त्याच्याकडं जाऊन सांगायला हवं होतं. बारा पावलं होती. पण देवळात दहा जणांनी ऐकलं होतं, म्हणजे त्याला कळलं होतंच. आणि कळूनही तो उठून आला नव्हता. मग मीच का जावं? असा विचार करत मी अंधार पडेपर्यंत उभा राहिलो आणि जेवायला आत गेलो. भाकरी नेहमीसारखीच होती.

वेगळी चूल मी मोडणार नव्हतो. मांडली ती मांडली. पण सकाळी गवंडी येणार होता, आणि भिंत एकदा उभी राहिली की ती पाडायला माझ्यासारख्या माणसाला सात जन्म लागले असते, हे मला माझ्याबद्दल माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या चुलीतल्या राखेत तांब्याभर पाणी ओतलं. घरच्या बघत राहिल्या. मग खापर घेतलं, त्यावर गवरीचा तुकडा ठेवला, आणि दगड ओलांडून थोरल्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. विस्तू मागायला बाप्या गडी गेलेला आमच्या गावात कुणी बघितला नव्हता. वैनी चुलीपुढं होत्या. थोरला राखुंडीनं दात घासत बसला होता.

"वैनी, विस्तू द्या," मी म्हटलं.

थोरल्यानं चूळ भरली. माझ्याकडं न बघता म्हणाला, "कामून? तिसऱ्या घरचा इझला का?"

"त्यो बी हितलाच हाय म्हनं."

"ते तुला आज कळायलं?"

"तुला तरी कवा कळलं?"

त्यानं दुसरी चूळ भरली. त्यालाही रात्रीच कळलं असणार. वैनींनी चिमट्यानं चांगला मोठा निखारा काढून माझ्या खापरावर ठेवला, आणि पदर तोंडाला लावून आत वळल्या. मी फुंकर घालत परत आलो, निखारा चुलीत सारला. तेवढ्यात गवंडी थापी घेऊन अंगणात आला आणि दगडांभोवती फिरून म्हणाला, "कुठून धरायची भिंत?"

मी त्याला गोठ्यात नेलं. म्हटलं, "भिंत ऱ्हाऊ दे. हितं गव्हाण बांध. लांब बांध. दोन बैलांची."